व्हॉल्व्ह गेले नव्हते

‘व्हॉल्व्ह गेलेत, मावशी,’ मी म्हणालो.

गेले नव्हते. लाऊडस्पीकरच्या मशीनची जाळी काढलेली होती, मीटरची टोकं अजून सॉकेटला लागलेली होती, आणि दोन्ही व्हॉल्व्ह ठणठणीत आहेत असं मीटर मला स्वच्छ सांगत होतं. विहारात गायन पार्टीची प्रॅक्टिस चालली होती. गयामावशी माईकपुढं बसलेली. नुकतंच एक गाणं संपलं होतं, म्हणजे अर्ध्यात सोडलं होतं. वरच्या सुरावर मावशीचा आवाज मधोमध फाटला होता, नवं कापड टर्रकन फाटावं तसा.

‘बघा मास्तर,’ मावशी पेटीकडं वळून म्हणाली, ‘मी म्हणलं व्हतं ना, मशीनीतच खोट हाय? माझा आवाज असा येत असतो का कधी?’

दशरथ मास्तर आमचे पेटीवाले. शाळेतून रिटायर झालेत. त्यांनी भाता बंद केला आणि छताच्या पंख्याकडं बघत म्हणाले, ‘व्हॉल्व्हच असतील. उत्तम म्हणतो तर असतील.’

कोरसमधल्या बायांनीही माना हलवल्या. विहारातल्या एकाही माणसाला व्हॉल्व्ह म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण व्हॉल्व्ह गेले यावर सगळ्यांचं एकमत झालं. आमच्या गावात इतक्या लवकर एकमत होत नसतं. तिथंच मावशीला संशय यायला पाहिजे होता.

मी उत्तम. गावाजवळच्या आखाडा बाळापूरला रोडवर माझं दुरुस्तीचं दुकान आहे. टीव्ही, मिक्सर, इन्व्हर्टर, डीजेवाल्यांचे जळालेले अँप्लिफायर, जे येईल ते. मी फारसा बोलत नाही. गिऱ्हाईक दहा मिनिटं तक्रार सांगतं आणि मी ‘उद्या या’ म्हणतो. ही गोष्टसुद्धा आजवर मी कुणाला नीट सांगितलेली नाही. गावाला ती माहीत आहे, पण अर्धीच. उरलेली अर्धी इथं लिहितो.

गयामावशी माझी सख्खी मावशी नव्हे. गावातले सगळेच तिला मावशी म्हणतात. जयंतीला, लग्नाला, नव्या विहाराच्या उद्घाटनाला तिची गाणी ऐकत आमची पिढी मोठी झाली. तिचा नवरा बापूकाका लाऊडस्पीकर चालवायचा. ती गायची आणि तो मशीनपाशी बसायचा. माझ्या हातात पहिल्यांदा सोल्डरिंग दिली ती बापूकाकानं. तो गेल्यावर मशीन गोधडीत गुंडाळून पलंगाखाली गेलं. मावशी मग भाड्याच्या डीजे साऊंडवर गायला लागली.

मागच्या जयंतीला ती स्टेजवरून उतरली ती तणतणतच. ‘पत्र्यावर खिळा घासल्यावानी आवाज येऊन राहिला माझा. पुढच्या साली मी आमच्या यांच्या मशीनीवर गाईन, न्हाईतर गाणार न्हाई.’

यंदाच्या जयंतीआधी ते मशीन माझ्या टेबलावर आलं. जुनं व्हॉल्व्हचं मशीन, फिकट राखाडी रंगाचं, उचलायला दोन माणसं लागतात असं. वाळलेले कंडेन्सर बदलले, सोल्डरिंगचे सुटलेले डाग पुन्हा दिले, आणि ते चालू झालं. मावशी हरखली. पहिल्याच प्रॅक्टिसला वरच्या सुरावर आवाज फाटला, आणि मी म्हणालो, व्हॉल्व्ह गेलेत.

आता व्हॉल्व्ह म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे माझी लबाडी किती मोठी ते कळेल.

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची बाटली. आत एक तार तापते. ती तापली की मधल्या नळीतून वीज सुटते आणि बाहेरच्या पत्र्याकडं धावते. वाटेत एक जाळी असते. माईकचा बारीक सिग्नल त्या जाळीवर दिला, की धावणारी वीज त्या तालावर अडते आणि सुटते. कालव्याच्या दाराचं चाक एक माणूस फिरवतो आणि पाणी शेकडो एकरांना जातं, त्यातलाच प्रकार. बापूकाकाच्या मशीनमध्ये पुढं लहान व्हॉल्व्ह आहेत, ते माईकचा आवाज वाढवतात. मागं दोन मोठे आहेत, ते स्पीकरला ढकलतात. त्यांना आऊटपुट व्हॉल्व्ह म्हणतात. हे दोघं जोडीनं काम करतात. मोठं लाकूड कापताना करवतीला दोन बाजूंनी दोन सुतार असतात ना, एक ओढतो तेव्हा दुसरा सैल सोडतो, तसं.

आऊटपुट व्हॉल्व्ह कमजोर झाले, तर मोठ्या आवाजाला मशीन कमी पडतं आणि आवाज फाटतो. म्हणजे माझं निदान ऐकायला बराबर होतं. फक्त खरं नव्हतं. व्हॉल्व्ह कमजोर असते तर ढोलकीही फाटली असती. ती खणखणीत वाजत होती. फाटत होता तो एकट्या मावशीचा आवाज, आणि तोही माईकच्या अलीकडं.

मावशीचं वय सत्तरीपार. गळ्यालाही वय होतं. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मला ते सुचत नव्हतं असं नाही. तिच्या तोंडावर ते कसं बोलायचं? तिच्या चुलीवरची भाकरी मी शंभर वेळा खाल्लेली.

हे झालं लोकांना सांगायचं कारण. दुसरं कारण तेव्हा मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

बापूकाकाच्या मशीनमध्ये ईएल-थर्टीफोर जातीचे व्हॉल्व्ह आहेत. उंच, सडपातळ. त्याच सॉकेटमध्ये बसतील अशा अजून दोन जाती आहेत, सिक्स-एल-सिक्स आणि केटी-एटीएट. तीन जातींचे तीन आवाज, असं मी उमेदवारीपासून ऐकत आलो. पण एकाच मशीनवर तिन्ही ऐकायची संधी कधी आली नव्हती. आता कोण व्हॉल्व्हचं मशीन दुरुस्तीला आणतंय? मीटरनं ‘ठणठणीत’ सांगितलं, त्याच क्षणी माझ्या डोक्यात आलं, की हे गेलेत म्हणालो तर ते दोन्ही मागवता येतील. माया होतीच. पण मायेच्या आड हौस लपली होती, आणि हौस मायेपेक्षा वजनाला जास्त होती.

दिल्लीच्या एका दुकानातून दोन्ही जोड्या मागवल्या. माझ्याच खिशातून, एवढं एक बरं केलं. पार्सल आलं त्या दिवशी मी दुकान सोडून घरी आलो आणि केटी-एटीएट कापसातून काढून मऊ फडक्यानं पुसत बसलो. जाडजूड, पोट सुटलेला व्हॉल्व्ह. फार देखणा.

‘नवरी आणली का काय?’ बायको म्हणाली. तिचं नाव सुनीता.

‘मावशीच्या मशीनला आहे.’

‘मशीनीला काय झालं?’

‘व्हॉल्व्ह गेलेत.’

‘तुमी ना, खोटं बोलताना बराबर दोनच शब्द बोलता. खरं बोलताना एक. मावशीचा गळा थकलाय. मला इथं घरात ऐकू येतं, तुमाला विहारात बसून ऐकू येत न्हाई?’

‘हं,’ मी म्हणालो.

‘हा एक शब्द झाला,’ ती म्हणाली आणि आत गेली.

पुढच्या प्रॅक्टिसला सिक्स-एल-सिक्स लावले. नुसते खोचून चालत नाहीत. आधी बायस जमवावा लागतो. बायस म्हणजे कुणी गात नसताना व्हॉल्व्हनं निवांत किती करंट ओढावा त्याचं माप. मोटारसायकल स्टँडवर चालू ठेवतो तेव्हा रेस फार कमी असली तर गाडी बंद पडते, फार जास्त असली तर नुसती तापते. व्हॉल्व्हचंही तेच. प्रत्येक जातीचं माप वेगळं. मी मीटर लावून हळूहळू जमवलं. सगळी पार्टी माझ्याकडं ऑपरेशन बघावं तशी बघत होती.

सिक्स-एल-सिक्स हा सरळ व्हॉल्व्ह. स्वच्छ. खालचा सूर खाली, वरचा वर, कुणाचं कुणात मिसळत नाही. पेटी सुरू झाली आणि माझ्या अंगावर काटा आला. भात्याचा श्वाससुद्धा वेगळा ऐकू येत होता. मग मावशी गायला लागली. वरच्या सुराला आवाज फाटला, आणि तोही आता स्वच्छ फाटला. आधीच्या व्हॉल्व्हनं थोडी सारवासारव केली होती. हा काहीच झाकत नव्हता. फाटलेल्या कापडाचा एकेक दोरा मोजून घ्यावा.

मी या धंद्यात इतकी वर्षं आहे, पण हे मला तोवर नीट उमगलं नव्हतं. मशीन जितकं चांगलं, तितका समोरचा दोष ठळक.

‘हे तर पहिल्याहून बेकार हाय रे,’ मावशी म्हणाली.

‘नवे आहेत, मावशी. रुळायला वेळ लागतो.’

‘ते व्हॉल्व्ह हाय का सून हाय?’

बाया हसल्या. त्यांच्यात मावशीची सून रंजनाही होती, कोरसमध्ये गाते. ती सगळ्यांत मोठ्यानं हसली. मीही हसलो. ‘रुळायला’ हे माझं दुसरं खोटं. पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

मशीन कमी पडतंय म्हटल्यावर मावशीनं काय करावं? तिनं जोर लावला. बापूकाकाच्या वेळी मशीन दमलं की ती तशीच गायची, छातीतून. आता रोज विहारात आणि घरीही ती वरचा सूर घासून घासून काढायला लागली. रंजना मला रस्त्यात म्हणाली, ‘भाऊ, ते तुमचं मशीन लवकर नीट करा. आत्याबाई सैपाक करतानाबी किंचाळून राहिल्यात. मांजर घर सोडून गेलं.’

मी हसलो आणि म्हणालो, ‘उद्या करतो.’ हे मी लिहितोय तेव्हाही मला त्या हसण्याची लाज वाटते.

मग केटी-एटीएट. हे इतके जाड की मशीनची जाळी वरून बसेना. म्हटलं, राहू दे उघडी. दोन जाडजूड बाटल्या, आत केशरी उजेड. बायाही कौतुकानं बघायला आल्या. एक म्हणाली, ‘दिवाबत्तीची सोय झाली.’ या जातीचा आवाज थोराड. ताकद भरपूर. ढोलकीची थाप पोटात बसते. तुलना करताना आवाजाची पातळी सारखी ठेवावी लागते, कारण जे मोठं वाजतं ते कानाला चांगलं वाटतं. भल्याभल्यांना फसवायची ती सोपी युक्ती आहे. तेवढा नियम मी प्रामाणिकपणे पाळला होता. स्पीकरला मीटर लावून तिन्ही जोड्या एका पातळीवर आणल्या होत्या. प्रामाणिकपणा असा नको तिथं वापरला.

मावशी गायला लागली. धृपद छान झालं. माझा सगळा जीव ढोलकीत होता. अंतऱ्याला तिनं वरचा सूर घेतला, आणि आला फक्त वारा. तिचं तोंड उघडं, हात वर उचललेला, मानेच्या शिरा ताठ, आणि स्पीकरमधून नुसती फूं. मास्तरांनी पेटी धरून ठेवली. ढोलकी थांबली. मावशीनं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा वारा.

तिनं माझ्याकडं पाहिलं. म्हणजे मशीनकडं. घोगऱ्या, जेमतेम ऐकू येणाऱ्या आवाजात म्हणाली, ‘उत्तम, हेबी गेलं का रे?’

तेव्हाही मी ‘नाही’ म्हणालो नाही.

नांदेडच्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडं तिला न्यायचं ठरलं. रंजना होती, आणि मी आपण होऊन दुकान बंद ठेवून गेलो. डॉक्टर बाई होत्या, तरुण. त्यांनी बारीक कॅमेरा घशात घातला आणि समोरच्या स्क्रीनवर दाखवलं. स्वरयंत्राच्या दोन लाल सुजलेल्या पट्ट्या. मी कशाकशाचे स्क्रीन दुरुस्त केलेत, पण माणसाच्या आतला आऊटपुट तेव्हा पहिल्यांदा पाहिला. ती पण जोडीच निघाली.

‘इतकं ताणून का गाता, आजी? वयाप्रमाणं आवाज थोडा खाली येतोच. त्यात काही वाईट नाही. पण जबरदस्ती केली की हे असं होतं.’

मावशी घोगऱ्या आवाजात म्हणाली, ‘मी कुठं ताणते? मशीन खराब हाय. दर खेपेला व्हॉल्व्ह जातात. मग मलाच जोर लावा लागतो.’

डॉक्टरबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी पायातल्या चपलेकडं पाहिलं. केबिनमधला एसी घुमत होता. त्याच्या ब्लोअरची बेअरिंग गेली होती, हेही मला तेव्हा ऐकू आलं. डोकं नको तिथं पळतं.

‘मशीन ठणठणीत आहे,’ मी म्हणालो.

‘काय?’ रंजना म्हणाली.

‘पहिल्या दिवसापासून ठणठणीत आहे. व्हॉल्व्ह गेलेच नव्हते. आवाज मावशीचा फाटत होता. मला कळत होतं. मी बोललो नाही. आणि मला दुसरे व्हॉल्व्ह लावून बघायचे होते.’

माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत लांब भाषण.

मावशीचं तोंड उघडलं. मी मान खाली घालून तयार झालो. गयामावशीची शिवी ज्यानं खाल्ली नाही असा माणूस आमच्या गावात नाही. ती खाल्ली की प्रकरण मिटतं, असा गावाचा अनुभव आहे. पण तेवढ्यात डॉक्टरबाईंनी हात वर केला.

‘आजी, आता एक शब्दही नाही. कुजबुजायचंही नाही. मी सांगेपर्यंत पूर्ण मौन. नाहीतर जयंतीला काय, पुढंही गाता येणार नाही.’

मावशीनं तोंड मिटलं. येताना जीपमध्ये ती पुढं बसली आणि मी मागं. नांदेड मागं पडलं, बाळापूर आलं, तरी तिनं एकदाही वळून पाहिलं नाही.

मला वाटलं ती आता माझं तोंड बघणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात हजर. स्टूल ओढलं, माझ्या टेबलासमोर बसली, आणि माझ्याकडं बघत राहिली. मी मिक्सर खोलला. ती बघतेय. मी मिक्सर जोडला. ती बघतेय. गिऱ्हाइकं येत-जात होती. चहा आला, तो तिनं पिला, पदरानं तोंड पुसलं, आणि पुन्हा बघत बसली. दुपारच्या जीपनं घरी गेली. पुढच्या दिवशी पुन्हा.

‘मावशी, दोन झापडा मार,’ मी तिसऱ्या खेपेला म्हणालो. तिनं मान हलवून नाही म्हटलं.

शेवटी सुनीता डबा घेऊन आली तेव्हा तिला दया आली. माझी नाही, मावशीची. ‘मावशी, तुमच्या वतीनं मी बोलू का? तुमी मान हलवा.’

मावशीनं जोरात मान हलवली.

‘उत्तमराव,’ सुनीता कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘तुमी एक नंबरचे मुखदुर्बळ.’ मावशीनं होकार दिला. ‘तुमाला बाटल्यांचा नाद लागला.’ होकार. ‘त्या नादापायी म्हाताऱ्या बाईचा गळा सोलून काढला.’ मावशीनं ‘म्हाताऱ्या’वर बोट उगारलं. ‘बरं, बाईचा. तुमच्यापेक्षा तुमचं मीटर बरं, ते खरं तरी सांगतं.’ मावशीनं दोन्ही हातांनी ‘अजून, अजून’ अशी खूण केली. शेजारचा पंक्चरवाला आपलं काम टाकून ऐकायला आला. सुनीतानं मग माझ्या खाजगीतलंही थोडं काढलं. ते इथं लिहीत नाही.

मावशी हसली. आवाज न करता, पोट हलवून. पण निघताना तिनं स्वतःकडं बोट केलं, मग माझ्याकडं, मग हाताची मूठ हळू उघडली. सुनीतानं अर्थ सांगितला, ‘मी बोलले ते माझं झालं. त्यांचं बोलणं बाकी हाय, म्हणतात.’

जयंती जवळ येत होती. ती गाणार का नाही, हे कुणी विचारत नव्हतं. तिला बोलून सांगता येत नव्हतं आणि आम्हाला विचारायची हिंमत नव्हती. एका संध्याकाळी ती विहारात आली, मास्तरांच्या पेटीपाशी बसली. मास्तरांनी सवयीनं काळी पाच धरली. पेटीवर ज्या पट्टीचा सा धरतात, त्या पट्टीत गाणं चालतं. काळी पाच म्हणजे बायकांसाठीही उंचच. मावशी लग्न होऊन आली तेव्हापासून तीच तिची पट्टी. मास्तरांनी ती कधी बदलली नव्हती, कारण तिनं कधी सांगितलं नव्हतं, आणि त्यांनी कधी सुचवलं नव्हतं. म्हणजे विहारात व्हॉल्व्हवाला मी एकटाच नव्हतो.

मावशीनं मास्तरांचं बोट धरलं. उचललं. काळी चार ओलांडून काळी तीनवर आणून ठेवलं. आणि दाबलं.

पेटीतून खालचा, रुंद सा निघाला. मास्तर बराच वेळ भाता हलवत राहिले. मग चष्मा काढून सदऱ्याला पुसत म्हणाले, ‘जमतंय, बाई. जमतंय.’

मग तिनं मला बोलावलं आणि मशीनकडं बोट केलं. मला कळलं. मी तिन्ही जोड्या आणल्या. या वेळी तुलना जशी करायला पाहिजे होती तशी केली. रंजना गाणार, तिचा गळा धड आहे. एकच गाणं, एकच माईक, पातळी सारखी. मावशी मशीनकडं पाठ करून, डोळे मिटून बसणार. कोणती जोडी लावली ते मी सांगणार नाही. प्रत्येक वेळी व्हॉल्व्ह निवू द्यायचे, बदलायचे, बायस जमवायचा. वेळ लागला. कुणी उठलं नाही.

सिक्स-एल-सिक्सला तिनं मान हलवली. चांगलं आहे, पण लांबचं. केटी-एटीएट लागले तेव्हा तिनं डोळे मिटल्या मिटल्याच गाल फुगवले आणि पोटावरून हात फिरवला. जाडा सावकार आला म्हणे. सगळे हसले. मला जरा लागलं, कारण मला तेच आवडले होते. मग जुनी ईएल-थर्टीफोरची जोडी लावली. या जातीत मधले सूर पुढं येतात. माणसाचा गळा मधल्या सुरांतच राहतो, म्हणून गाणारा दोन पावलं जवळ येऊन बसल्यासारखा वाटतो. रंजनानं पहिली ओळ घेतली. मावशीनं हात वर केला. डोळे उघडले नाहीत. तो हात बराच वेळ वर होता.

जे मी ‘गेलेत’ म्हणून काढले होते, तेच पुन्हा बसले. जाळीही बसली.

डॉक्टरबाईंनी पुन्हा तपासलं आणि थोडं थोडं, हलकं गायची परवानगी दिली. बोलणं मात्र जयंतीपर्यंत बंद, असं बजावलं. मावशी विहारात येऊन एकेक ओळ गुणगुणून जायची. माझ्याशी एक शब्द नाही. मी रोज बोलणी खायच्या तयारीनं जायचो आणि तसाच परत यायचो. उधारीपेक्षा वाईट असतं ते.

जयंतीच्या संध्याकाळी विहारापुढं मांडव भरला होता. आजूबाजूच्या गावांतूनही माणसं आली होती. विहाराच्या गच्चीवर बापूकाकाचेच दोन भोंगे लावले होते. मी मशीनपाशी बसलो. बापूकाकाची जागा. पांढरी साडी नेसून मावशी माईकपुढं आली. मास्तरांनी काळी तीन धरली. तिनं त्यांना हातानं थांबवलं, माईक जवळ ओढला.

‘जयभीम,’ ती म्हणाली. मांडवानं जयभीम म्हटलं.

‘गाण्याच्या आधी एक हिशोब हाय. ह्या मशीनीला काही झालं नव्हतं. झालं व्हतं माझ्या गळ्याला. माणूस जुनं झालं की गळा जुना व्हतो, त्यात काय? पण हे तुमाला समद्यांला ऐकू येत व्हतं आन् एकानंबी सांगितलं न्हाई. मास्तर पंख्याकडं बघत व्हते. बाया माना हलवत व्हत्या. आन् हा उत्तम, तिकडं मशीनीमागं लपून राहिला बघा, उठ रे, उभा ऱ्हाय!’

मी उभा राहिलो.

‘ह्यानं माझा गळा सोडून बिचाऱ्या काचेच्या बाटल्या बदनाम केल्या. माझ्या माणसाच्या हातच्या बाटल्या! काहून रे मुडद्या, तुला जीभ दिली ती काय डाग द्यायला? मावशी, तू खाली गा, एवढं म्हणायला काय तुझी बायस बिघडली व्हती?’

तो शब्द तिनं कधी उचलला होता, कुणास ठाऊक. मांडव हसून लोळत होता. सुनीता पुढच्या रांगेत पदर तोंडाला लावून बसली होती.

‘बस खाली. माझं झालं,’ मावशी म्हणाली. ‘आता मी दोन पट्ट्या खाली गाणार हाय. ज्याला उंच ऐकायचं असंल त्यानं पाण्याच्या टाकीवर चढून बसावं.’

आणि ती गायली. खालच्या पट्टीत, न ताणता. आवाज पहिल्यासारखा तेज नव्हता. पण अंतऱ्याच्या वरच्या सुराला तो पोचला आणि तिथं टेकला, फाटला नाही. मास्तरांनी या वेळी पंख्याकडं पाहिलं नाही.

सिक्स-एल-सिक्स आणि केटी-एटीएट आता माझ्या दुकानाच्या कपाटात कापसात आहेत. लागतील तेव्हा लागतील. आऊटपुट व्हॉल्व्ह कसे निवडावेत, असं कुणी विचारलं तर मी तिन्ही जातींचे गुण-दोष सांगतो, आणि शेवटी हेही सांगतो, की व्हॉल्व्ह काढायच्या आधी माईकपुढं कोण आहे ते ऐकावं, आणि जे ऐकलं ते त्याला सांगावं.

पण त्या दिवशीचा खरा रिपोर्ट मला दुसऱ्या सकाळी मिळाला. हायवेवरच्या ढाब्याचा मालक इन्व्हर्टर घेऊन दुकानात आला. ढाबा आमच्या गावापासून चांगला दूर आहे, मध्ये सगळं शेत. इन्व्हर्टर टेबलावर ठेवून तो माझ्याकडं बघून गालात हसला.

‘काय रे मुडद्या,’ तो म्हणाला, ‘आवाज काय स्वच्छ होता.’